दुधाचा पॉइंट कुठे गळतो? एका कोड-शोधाची गोष्ट

आजची पोस्ट लांब आहे आणि विषयही नेहमीचा नाही. रस्ता, पाणी, नगरपरिषद यातलं काही नाही. कॉम्प्युटरच्या सोर्स कोडमध्ये शोध घेणाऱ्या साधनाबद्दल लिहितोय, आणि ते साधनही माणसांसाठी नाही, एआय एजंटसाठी बनवलेलं आहे. "भाऊ, याचा आपल्या तालुक्याशी काय संबंध?" असं म्हणून पुढे सरकायच्या आत सांगतो, संबंध दुधाशी आहे. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटली घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाशी आहे.

आमच्या भागातल्या एका गावात दूध संस्थेबद्दल तक्रार होती. संस्थेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही हे पुढे कळेलच. संस्थेने फॅट तपासायचं नवीन मशीन घेतलं. एका काकूंच्या मुलाने मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढला. फॅट ३.४८. हातात आलेल्या पावतीवर ३.४. त्याने आठ दिवस फोटो काढले आणि आठवडाभर हेच. काकूंनी सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्यापुढे ठेवल्या. "दादा, आमच्या म्हशी-गाई काय खोटं बोलत न्हाईत. मग हे मधलं आठ जातंय कुठं?"

सचिवांना विचारलं. ते म्हणाले, "आम्ही काय हाताने लिहितोय होय? कॉम्प्युटर करतो सगळं. एखाद्या वेळी होतं मागं-पुढं."

वीस वर्षं या धंद्यात आहे. तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत कुणी उत्तर टाळलं तर त्याला पुन्हा प्रश्न विचारता येतो, हे मला माहीत आहे. "कॉम्प्युटर करतो" म्हटलं की मात्र पुढचा प्रश्न विचारायचा कुणाला? माहितीचा अधिकार इथे चालत नाही. सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे, केरळातल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यातला. सभासदाला मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे संस्थेची काही दप्तरं बघता येतात. पण १९६० च्या कायद्यात 'सॉफ्टवेअरचा कोड' कुठून असणार?

मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला गाठलं. जिल्ह्याच्या गावी दोन खोल्यांचं ऑफिस, दोघं जण. माणूस भला निघाला. म्हणाला, "साहेब, लपवायचं काही नाही. पण खरं सांगू, मूळ प्रोग्रॅम मी लिहिलेलाच नाही. आमच्या आधीच्या पार्टनरने लिहिला, तो आता बाहेर असतो. मी फक्त रिपोर्टची डिझाइनं बदलतो. आत कुठे काय आहे ते मलाही धड माहीत नाही." पन्नासेक संस्थांमध्ये हे सॉफ्टवेअर चालतं. साठ-सत्तर हजार ओळींचा जुना व्हिज्युअल बेसिकमधला कोड. कागदावर छापला तर दीड-दोन हजार पानं. एवढं वाचणार कोण?

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, आता वाचावं लागत नाही. एजंटला लावू." कोडच्या मालकाची परवानगी घेतली, आणि ती लेखी घेतली. कारण असा कोड एआयला दिला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो. सभासदांची नावं, खाते क्रमांक, पावत्या यातलं काहीही दिलं नाही. फक्त कोड.

आता एजंट म्हणजे काय ते थोडक्यात. आपण मोबाईलवर प्रश्न विचारतो आणि उत्तर येतं, तो चॅट. एजंटला काम सांगायचं. तो स्वतः फाईल उघडतो, शोधतो, वाचतो, त्यावरून पुढची पायरी ठरवतो आणि पुन्हा शोधतो. त्याची अडचण एकच. एका वेळी डोक्यात किती मजकूर ठेवायचा याला मर्यादा आहे, आणि वाचलेल्या प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात. त्यामुळे सगळा कोड त्याच्यापुढे ओतून चालत नाही. नेमका हवा तो तुकडा त्याला आणून देणारं कुणीतरी लागतं. ते काम हे शोध-साधन करतं.

जुन्या दैनिकांच्या कार्यालयात कात्रणं सांभाळणारे एक काका असायचे. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून पहिल्यांदा जिल्हा कार्यालयात गेलो तेव्हा तिथे असे एक काका होते. "धरणाच्या कालव्याचं मागच्या खेपेला काय झालं होतं?" विचारलं की ते गठ्ठा आणत नसत. एक कात्रण आणत, फार तर दोन. मागे तारीख आणि पान नंबर. घाईतल्या उपसंपादकाला वीस कात्रणं दिली तर तो चुकीचंच उचलणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एजंटसाठीचं चांगलं शोध-साधन असंच वागतं. फाईलचं नाव, ओळीचा नंबर, आजूबाजूच्या पाच-दहा ओळी, बस. माणूस हजार निकालांवरून नजर फिरवून नऊशे नव्वद सोडून देतो. एजंटपुढे जे वाढलं ते त्याला सगळं गिळावं लागतं, आणि पोट भरलं की कामाचं राहून जातं.

या साधनांच्या मुळाशी पन्नास वर्षांपूर्वीचा एक प्रोग्रॅम आहे. ग्रेप. १९७३ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी तो बनवला. त्यांचे सहकारी ब्रायन कर्निगन यांनी सांगितलेली गोष्ट आपल्या धंद्याशी जुळणारी आहे. १७८७-८८ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ लेख आले होते, अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने. त्यातला कुठला लेख कुणी लिहिला याचा अभ्यास बेल लॅब्जमधला एक सहकारी शब्दांवरून करत होता. मजकूर एवढा मोठा की त्या वेळच्या संपादकात, म्हणजे मजकूर दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये, मावेना. म्हणून फाईल न उघडताच तिच्यातली हवी ती ओळ काढून देणारं हत्यार तयार झालं. मेमरीत मावत नाही म्हणून शोधायचं, ही तेव्हाची अडचण. आज एजंटची अडचण अगदी तीच आहे. आजचे कितीतरी एजंट कोडमध्ये शिरल्यावर ग्रेपचाच नवा, वेगवान भाऊ वापरतात. रिपग्रेप त्याचं नाव, २०१६ चा.

आणखी एक प्रकार म्हणजे आधी सूची करून ठेवायची. गुगलने २००६ मध्ये जगभरचा खुला कोड शोधायची सोय काढली आणि २०१२ च्या सुरुवातीला बंद केली. ती बंद झाल्यावर तिचे कर्ते रस कॉक्स यांनी आतली युक्ती उघड केली. मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि कुठला तुकडा कुठल्या फाईलमध्ये आहे याची वही ठेवायची, पुस्तकामागच्या सूचीसारखी. तिसरा प्रकार अर्थाने शोधण्याचा, म्हणजे शब्द वेगळा असला तरी आशय जवळचा असेल तर दाखवणारा. चौथा प्रकार आमच्या कामी आला. कोडमधलं एखादं सूत्र कुठे लिहिलंय आणि त्याला कुठून कुठून बोलावलंय, ही वंशावळ ठेवणारा.

तर पहिल्या रात्री भाच्याने साध्या शब्दशोधावर एजंट चालवला. एजंटने 'फॅट' शोधलं, आठशेच्या वर जागी सापडलं. दुधाच्या सॉफ्टवेअरमध्ये फॅट हा शब्द प्रत्येक पानावर असणारच. मग त्याने राउंडिंगचे इंग्रजी शब्द शोधले. सात-आठ जागी सापडले. सगळे बिलाच्या रकमेचे, पैशांचे. ते तपासून एजंटने ठणकावून अहवाल दिला की राउंडिंग नियमाप्रमाणे बरोबर आहे, फॅटमध्ये कुठेही काटछाट होत नाही.

इथे थांबतो, कारण मला वाटतं खरी बातमी इथे आहे. अहवाल सुबक होता. ओळींच्या नंबरासकट. सचिवांच्या हातात पडला असता तर त्यांनी फ्रेम करून लावला असता, "बघा, एआयनेच सांगितलंय." आणि काकूंची पिशवी खोटी ठरली असती.

भाचा मात्र म्हणाला, "मामा, याला सापडलं नाही म्हणजे तिथे नाही असं नसतं."

हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध महाराष्ट्राने पाहिलाय. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकं उलगडत बसलेले कर्मचारी, मोडी वाचणाऱ्यांना आलेले दिवस. मी स्वतः दोन दिवस एका रेकॉर्ड रूममध्ये बसलो होतो. एका ठिकाणी 'कुणबी' पूर्ण लिहिलेलं, पुढच्या पानावर नुसतं 'कु.', त्याच्या पुढे वरच्या नोंदीसारखीच म्हणून दोन रेघा. फक्त 'कुणबी' हा शब्द शोधणाऱ्याला त्या दोन रेघा कशा दिसतील? आरक्षणाच्या वादात आज शिरत नाही, त्यावर पूर्वी लिहिलंय. मुद्दा एवढाच की "नोंद आढळून येत नाही" या शिक्क्याचा अर्थ फक्त "आम्ही शोधलं तसं सापडलं नाही" एवढाच असतो. पण दाखला त्या शिक्क्यावर अडतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याने त्या जुन्या भाषेसाठी सूत्रांची वंशावळ बनवणारी छोटी जोड लिहिली. (म्हणजे एजंटकडूनच लिहून घेतली. हल्ली असंच चालतं म्हणे.) आणि प्रश्न बदलला. "राउंडिंग कुठे आहे?" असं न विचारता, "मशीनच्या वायरीतून आलेला आकडा कोडमध्ये कुठल्या दारातून शिरतो, आणि तिथून पावतीपर्यंत कुणाकुणाच्या हातातून जातो?" असं विचारलं.

चार मिनिटं. दार एकच सापडलं. दारातून आकडा थेट एका सूत्राकडे जात होता आणि त्या सूत्राचं नाव होतं 'दशांश'. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी नाव! लिहिणारा आपलाच माणूस, त्याला जे सुचलं ते नाव त्याने ठेवलं. राउंडिंगचा एकही इंग्रजी शब्द त्यात नव्हता, म्हणून पहिल्या रात्री ते दिसलं नाही. सूत्र एका ओळीचं. आकड्याला दहाने गुणा, दशांशापुढचं टाकून द्या, परत दहाने भागा. ३.४८ चे ३.४. ३.४१ चेही ३.४. आणि ३.४९ चेही ३.४ च.

मग वंशावळीतून कळलं की 'दशांश'ला तीन ठिकाणांहून बोलावणं आहे. फॅट, एसएनएफ, आणि तिसरं म्हणजे लिटर. लिटरबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. काट्याच्या स्क्रीनचा फोटो कुणी काढलाच नव्हता. १०० मिलीचा काटा की १० मिलीचा हा वाद आपल्याकडे जुना आहे. इथे काटा १० मिलीपर्यंत दाखवणारा घेतला होता आणि शेवटचा आकडा कोड गिळत होता.

सॉफ्टवेअरवाल्याला दाखवलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याला उलगडलं. जुनी मशीन एकच दशांश द्यायची, पण वायरीतून कधी कधी मागे कचरा आकडे यायचे. ते छाटायला आधीच्या पार्टनरने ही ओळ टाकली असणार. पुढे मशीन बदलली, दोन दशांश देऊ लागली. ओळ तशीच राहिली. म्हणजे चोर कुणीच नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण कमेंटमध्ये लगेच चेअरमनच्या बंगल्यावर याल.

पण चोर नसला तरी माल गेलाच. नमुन्यादाखल हिशेब मांडतो. समजा पॉइंटला ३० पैसे. दुसरा दशांश ५ ते ९ असेल तेव्हा नीट राउंडिंगने एक पॉइंट जास्त मिळाला असता, म्हणजे साधारण दहातल्या पाच वेळा. सरासरी लिटरमागे १५ पैसे. रोज २,००० लिटर संकलन असेल तर दिवसाला ३०० रुपये, वर्षाला १,०९,५०० रुपये. लिटरचं वेगळंच. शेवटचा आकडा ० ते ९ मधला कुठलाही असू शकतो, म्हणजे प्रत्येक वेळी सरासरी ४५ मिली. २०० उत्पादक, दोन वेळा, तर दिवसाला १८ लिटर. हे पैसे हवेत जात नाहीत. संस्थेच्या नफ्यात जमा होतात आणि दिवाळीला दरफरक म्हणून त्यातलं काही परत येतं. ज्याचं गेलं त्यालाच तेवढंच येतं असं नाही.

आता कुणी म्हणेल, चार पैशांसाठी एवढा उपद्व्याप? त्यांनी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण वाचावं. तिथे १९९९ पासून फुजित्सू कंपनीची होरायझन ही हिशेबाची प्रणाली पोस्टाच्या शाखांत बसवली. शाखाचालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत राहिले की पैसे आम्ही घेतले नाहीत, कॉम्प्युटर चुकतोय. कोर्टात कॉम्प्युटर बरोबर चालतो हेच गृहीत धरलं जायचं, चुकतोय हे सिद्ध करायचं ओझं त्या बिचाऱ्यांवर. कोड त्यांच्या हातात नाही. नऊशेहून जास्त लोकांना दोषी ठरवलं गेलं, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. कॉम्प्युटर वीकली या नियतकालिकाने २००९ मध्ये पहिल्यांदा हे छापलं. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्रणालीत दोष होते असा निकाल दिला. जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर मालिका आली तेव्हा देश हादरला आणि त्याच वर्षी मे महिन्यात शिक्षा रद्द करणारा कायदा झाला. पहिल्या बातमीपासून पंधरा वर्षं! पत्रकार म्हणून हा आकडा माझ्या घशाखाली उतरत नाही.

आपल्या सरकारचं धोरण कागदावर वाईट नाही. सरकारी प्रणालींचा सोर्स कोड खुला करून सगळ्यांनी मिळून विकसित करायचा, असं केंद्राचं धोरण २०१५ सालीच आलंय. ओपनफोर्ज नावाचं व्यासपीठ त्यासाठीच आहे. आरोग्य सेतू आठवतंय? एप्रिल २०२० मध्ये आलं, लोकांनी खासगीपणाबद्दल ओरड केली, तेव्हा २६ मे २०२० ला त्याच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला. म्हणजे मनात आलं तर करता येतं. पण अनुदानाची पोर्टलं, पीकविम्याची, शिष्यवृत्तीची, जिथे 'अपात्र' एवढाच शब्द येतो आणि कारण येत नाही, तिथे नियम जीआरमध्ये एक असतो आणि कोडमध्ये काय असतं ते कोडलाच ठाऊक. आतापर्यंत कोड मागितला तर उत्तर मिळायचं, "तुम्हाला त्यातलं काय कळणार?" आता हे उत्तर चालणार नाही. दोन रात्री, एक भाचा आणि एक शोध-साधन एवढ्यात आमच्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराला कळलं.

मात्र पहिल्या रात्रीचा तो सुबक अहवालही विसरू नका. उद्या संस्था, बँका, खुद्द सरकारी खाती "एआयकडून कोड तपासून घेतला, सगळं ठीक" अशी प्रमाणपत्रं दाखवतील. तेव्हा विचारा, शोधलं कशाने? कुठले शब्द टाकले? मराठी नावांची सूत्रं दिसली का? किती फाईल उघडल्याच नाहीत? या प्रश्नांसाठी इंजिनिअर असायची गरज नाही. रेकॉर्ड रूममध्ये दोन रेघांवरून भांडलेला कुठलाही माणूस हे विचारू शकतो.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो, बदल पाच मिनिटांचा आहे, संस्थेने लेखी दिलं की लगेच करतो. चेअरमन म्हणतात, सभेत ठरू दे. त्यांचीही बाजू आहे. पावतीवर जास्त पडलं तर दिवाळीचा दरफरक कमी होईल आणि लोक पुन्हा त्यांनाच धरतील. काकू म्हणतात, "माझं मला रोजच्या रोज द्या, दिवाळीचं दिवाळीला बघू."

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. तुमच्या गावच्या संस्थेत एवढाच ठराव मांडा. मशीन आणि काटा जेवढे दशांश दाखवतील तेवढेच पावतीवर यावेत, आकडा छाटायचा किंवा पूर्ण करायचा असेल तर त्याचा नियम दरपत्रकाशेजारी फलकावर लावावा, आणि सॉफ्टवेअरच्या करारात कोड तपासू द्यायची अट असावी. सूचक-अनुमोदक हवेत, आधीच दोघं तयार ठेवा.

तोवर दहा दिवस फोटो काढा. फॅटच्या मशीनची स्क्रीन, काट्याची स्क्रीन आणि पावती, तिन्ही एकाच फोटोत येऊ द्या. तारीख-वेळ दिसली पाहिजे. खाते क्रमांकावर बोट ठेवा आणि मला मेसेजमध्ये पाठवा, इथे कमेंटमध्ये टाकू नका.